कच्चं मडकं आणि बरोबरीची माणसं

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हा गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारायची, "बाई, मग नामदेव रडले?" तेरला गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमलेली असतात. मुक्ताबाई तिथलं थापटणं बघून विचारते, हे कशाला? मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं, असं गोरोबा सांगतात. मग आमचीही मडकी बघा की, असं ती म्हणते आणि गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गप्प बसतात. नामदेवांना राग येतो. एवढं एक मडकं कच्चं, असा निवाडा होतो.

मुलांना नामदेवांच्या अपमानाचं वाईट वाटायचं. मला अजूनही वाटतं, मुलांचं बरोबर होतं. कीर्तनात ही गोष्ट अहंकार गळण्याची म्हणून येते. पुढे नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात, पिंडीवरच्या पायांचा प्रसंग घडतो, गुरू भेटतो आणि गोष्ट सुफळ होते. पण त्या कुंभाराच्या घरी जमलेल्यांनी नामदेवांना काय दिलं आणि काय दिलं नाही, इथे कुणी फारसं थांबत नाही. कच्चं आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. पक्कं कसं व्हायचं ते कुणी सांगितलं नाही. भट्टीत जायचं ते नामदेवांना एकट्यालाच. आणि आणखी एक. थापटणं मारलं ते आपल्यातल्याच माणसाच्या डोक्यावर. ज्याच्या शेजारी बसून अभंग म्हणायचा त्याच्या. वाटेनं जाणाऱ्या कुणाला हाक मारून त्याची परीक्षा घेतली नाही.

ही गोष्ट मला आज वेगळ्या कारणासाठी लागते. आचऱ्याच्या बाजूला एका घराच्या लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, आम्ही काही लिहिणारी माणसं दर महिन्याला जमतो. एक रापणकर आहेत, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार; ते कविता लिहितात. त्यांना सगळे दादा म्हणतात. दशावतारात स्त्रीपार्ट करणारे एक गृहस्थ आहेत. आरोग्य उपकेंद्रात काम करणारी एक मुलगी कथा लिहिते. माध्यमिक शाळेतले एक सर आहेत. मी आहे. आम्ही लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतो आणि मग बाकीचे बोलतात. वाचणाऱ्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

एकदा त्या मुलीनं एका म्हातारीची कथा वाचली. म्हातारीचा मुलगा समुद्रात गेलेला. शेवटी नारळी पुनवेला ती किनाऱ्यावर येते, लाटेत नारळ सोडते आणि समुद्राला माफ करते. वाचून झालं तेव्हा दोघांचे डोळे भरले होते. जून-जुलैची मासेमारी बंद होती, म्हणून दादाही बसलेले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाय गो, कथा बरी आसा. पण ही म्हातारी पुनवेक किनाऱ्यार इलीच कशी? जेचो झील दर्यान नेलो, ती त्या दिवशी थंय येवची नाय."

"मग नारळ सोडणारच नाही ती?"

"नारळ धाडतली. शेजारच्या पोराच्या हातीन धाडतली. आपण दारात बसतली."

स्त्रीपार्ट करणारे काका म्हणाले, "आणि 'माफ केलंय' ह्या तिच्या तोंडात बसणा नाय." त्यांचा कान फार तयार आहे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा कुठली ते आधी ठरतं आणि रंगमंचावर ज्याचं त्यानं बोलायचं. द्रौपदीच्या तोंडी काय शोभतं नि काय शोभत नाही, हे ते कागदावर न बघता जन्मभर ठरवत आले आहेत.

माफी म्हातारीची नव्हती, लिहिणारीची होती, हे त्या लोट्यावर सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. कथा नीट संपावी, कुणाला तरी शांत वाटावं, ही इच्छा लेखिकेची, आणि ती तिनं एका पुत्र गेलेल्या बाईच्या गळ्यात घातली होती. पुढच्या बैठकीला ती कथा बदलून घेऊन आली. म्हातारी दारात बसलेली आणि शेजारचा पोरगा नारळ छातीशी धरून पुळणीवरून पळतोय. फार चांगली झाली होती. पण वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "ही कथा आता माझी राहिली का?"

हा प्रश्न वरवरचा नाही. आपल्याकडे लिहिणं हा प्रसाद मानलेला आहे. बोलणारा मी नाही, बोलवणारा वेगळाच आहे, ही तुकोबांची भूमिका शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. शब्द जर वरून येत असतील तर त्यात हात घालायचा अधिकार शेजारच्या माणसाला कसा? आणि शब्द वरून येत नसतील, माझ्या आतून येत असतील, तरीही तोच पेच. माझ्या आतलं दादांना काय कळणार? दोन्ही वाटांनी गेलं तरी दुसऱ्याचं तोंड बंद होतं. मला ही दोन्ही उत्तरं खोटी वाटतात. का, ते सांगायचा प्रयत्न करते.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला कळे लावून प्रश्न विचारायचा आणि उजवा पडतो की डावा ते बघायचं. आचऱ्याची गावपळणसुद्धा रामेश्वराच्या कौलानंच ठरते. गावच्या गाव गुरंढोरं, कोंबडीकुत्री घेऊन वेशीबाहेर जाऊन राहतं ते देवाच्या शब्दावर. पण तो शब्द एकट्याच्या कानात पडत नाही. कौल लागतो तेव्हा गुरव असतो, मानकरी असतात, गाव समोर बसलेला असतो. कळा नीट पडला नाही तर पुन्हा विचारतात. प्रश्नच नीट मांडला नव्हता, असं एखादा म्हातारा म्हणतो आणि प्रश्न बदलून घालतात. म्हणजे ज्याला आम्ही साक्षात देवाचं बोलणं मानतो तेही चारचौघांसमोर तपासून घेतो. यात देवावर अविश्वास नाही. आपल्या ऐकण्यावर आहे, आणि तो असायलाच हवा.

ज्ञानोबांनी तरी काय केलं? 1290 मध्ये नेवाश्याला ज्ञानेश्वरी सांगताना पहिल्याच अध्यायात ते समोर बसलेल्यांना विनवतात, की माझ्या बोलण्यात उणं राहील ते तुम्ही भरून काढा आणि जास्तीचं होईल ते काढून टाका. ही नम्रतेची रीत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. ग्रंथभर त्यांचं श्रोत्यांकडे लक्ष आहे. कुठे लांबण लागली, कुठे उपमेच्या भरात विषय मागे राहिला, हे ते स्वतः बोलून दाखवतात आणि पुन्हा वाटेवर येतात. ऐकणाऱ्यांचे चेहरे त्या ग्रंथात मुरलेले आहेत. म्हणून ज्ञानेश्वरी ज्ञानोबांची राहिली नाही, असं कुणी म्हणत नाही.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, 1584 मध्ये, एकनाथांनी पैठणला तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले. एकनाथ स्वतः केवढे कवी! एखादी ओवी त्यांना जड नव्हती. पण त्यांनी स्वतःची ओवी त्यात घातली नाही, आणि जो कुणी घालील तो अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवील, अशा अर्थाचं बजावून ठेवलं. दुसऱ्याच्या लिखाणाला हात कसा लावायचा याचा एवढा स्वच्छ नमुना मला दुसरीकडे सापडलेला नाही. दादांनी त्या मुलीला वाक्य दिलं नव्हतं. म्हातारी दारात बसते, एवढं दाखवलं. छातीशी धरलेला नारळ, पुळणीवर उमटत जाणारी पावलं, घरात पेटलेली चूल, हे सगळं तिनं आणलं. म्हणून मी तिला सांगितलं, कथा तुझीच आहे. दादांची असती तर ती दादांना लिहिता आली असती.

देवगड तालुक्यातल्या विंदा करंदीकरांनी ज्ञानोबांच्या अमृतानुभवाचा अर्वाचीन मराठीत अनुवाद केला, तो 1981 मध्ये आला. तो वाचताना मला नेहमी अडायला होतं. आत्मा स्वयंप्रकाश आहे, त्याला स्वतःला बघायला दुसऱ्या कशाची गरज नाही, अशी त्या ग्रंथाची चाल. मग दुसऱ्याच्या डोळ्यांवर मी एवढी का विसंबते? माझ्यापुरतं उत्तर असं आहे, की आत्म्याला आरसा लागत नसेल, वाक्याला लागतो. वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं की ते माझ्यातलं राहत नाही. ते ऐकणाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं, आणि तिथे ते कसं दिसतं हे मला इथून दिसणं शक्य नाही. मी कितीही वेळा वाचलं तरी मला काय म्हणायचं होतं तेच मी वाचणार. कागदावर काय आहे ते दुसराच वाचतो. विंदा, वेंगुर्ल्याचे पाडगावकर आणि वसंत बापट ही तीन वेगळ्या प्रकृतीची माणसं गावोगाव एकत्र काव्यवाचन करत फिरली. एका व्यासपीठावर बसून शेजाऱ्याची कविता पुन्हा पुन्हा ऐकायची, आणि ती ऐकून लोक कुठे हलले, कुठे नाही, तेही बघायचं. अशा संगतीत कवीचा कान बदलल्याशिवाय राहील हे मला पटत नाही.

पण दुसरा म्हणजे कुठलाही दुसरा चालत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची काही बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं पाडायचं, ती वितंडा. वाद कुणाशी करावा तेही सूत्रकार सांगतात. शिष्याशी, गुरूशी, बरोबर शिकणाऱ्याशी, आपलं भलं शोधणाऱ्या माणसाशी. आणि अट एकच, की त्याच्या मनात असूया नको. बरोबर शिकणारा गुरूच्या पंगतीला बसवलाय, हे मला फार मोलाचं वाटतं. गुरूला आपला हेवा वाटायचं कारण नसतं, शिष्याची तेवढी हिंमत नसते. बरोबरीच्याला मात्र हेवा सोडावा लागतो. त्याला तो रोज, नव्यानं सोडावा लागतो, कारण उद्या तोही लिहिणार आहे. म्हणून बरोबरीच्यानं नीट केलेली टीका ही मला साधना वाटते, करणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही.

जल्प वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यात भजनाची डबलबारी रात्रभर रंगते. दोन बुवा समोरासमोर, एकानं गजरातून पुराणातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं आपल्या बारीत त्याचं उत्तर देऊन वर नवा प्रश्न करायचा, आणि लोकांनी पहाटेपर्यंत हलायचं नाही. ती ऐकतच मी मोठी झाले. पाठांतर, हजरजबाबीपणा, सूर यांची कसोटी तिथे लागते. पण डबलबारीत बुवा आपलं कच्चं दाखवत नाही, दाखवून चालणारच नाही. सूत्रकारही म्हणतात, की कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसे जल्प नि वितंडा तत्त्वाच्या रक्षणापुरते. आमच्या लोट्यावर आम्ही कोवळं रोप घेऊन येतो, तिथे सगळेच काटे घेऊन आले तर कसं होणार?

उलटं संकटही आहे. पुण्यात 1923 च्या सुमाराला माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही कवी मंडळी रविकिरण मंडळ म्हणून जमू लागली. चहा घ्यायचा, कविता वाचायच्या, चर्चा करायची. त्यातून मराठीला चांगली कविता मिळाली आणि कविता लोकांसमोर वाचायची सवयही लागली. पण त्या कवितेत काही लकबी साचल्या. त्या साचल्याचं महाराष्ट्राला दाखवलं ते 1925 च्या 'झेंडूची फुले'मधून अत्र्यांनी, बाहेरून, विडंबन करून. प्रेमाची माणसं एकत्र बसली की एकमेकांच्या खोडीही लाडक्या होतात. हे आमचंही होतं. दादांच्या प्रत्येक कवितेत चंद्र येतो आणि तो आम्हाला आवडतो म्हणून आम्ही तो येऊ देत होतो, कवितेला त्याची गरज आहे का हे न विचारता.

संपादकाचं वेगळं. चिं. त्र्यं. खानोलकर कुडाळला खानावळ चालवत होते आणि त्यांच्या कविता आरती प्रभू या नावानं मुंबईला 'सत्यकथे'त जात होत्या. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकाशी पत्रांतून किती बारकाईनं बोलत, हे मराठीत सर्वांना माहीत आहे. त्या पत्रांनी अनेक कथा घडवल्या. पण 1969 मध्ये तरुण लेखकांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला तेही त्याच संपादनाच्या रागापोटी. सुधारणारा आणि दार उघडणारा एकच असला की त्याच्या सूचनेत दाराचा धाक मिसळतो, मग सूचना कितीही बरोबर असो. दादांच्या हातात कुठलंच दार नाही. म्हणून त्यांचं ऐकायचं की नाही हे त्या मुलीला मोकळेपणी ठरवता आलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते. आमच्यातले माध्यमिक शाळेतले सर बौद्ध आहेत. त्यांनी एका बैठकीला आपल्या आजीची कविता वाचली. आजी बावीपासून दूर, घागर घेऊन उभी आहे. कुणीतरी येईल आणि वरून पाणी ओतेल म्हणून उभी आहे. ऊन चढतं, बायका येतात, आपापल्या घागरी भरून जातात. कविता संपली. आम्ही सगळे गप्प. मग एक जण म्हणाले, "फार सुंदर." दुसऱ्यांनी हात जोडले. मी म्हटलं, "सर, अंगावर काटा आला." पुढच्या वाचनाकडे वळणार, तेवढ्यात सर बोलले. नियम मोडून बोलले.

"मागच्या खेपेला तुम्ही ह्या पोरीचा नारळ पार सोलून काढलात. दादांच्या चंद्रावर तासभर बोललात. माझ्या कवितेला मात्र हात जोडलेत. का?"

"सर, तुमच्या दुःखावर आम्ही काय बोलणार?"

"दुःखावर बोलू नका. कवितेवर बोला. दुसऱ्या कडव्यात ती रेंगाळते, ते तुम्हाला दिसलं नाही? दिसलं. तरी तुम्ही गप्प बसलात. त्या बावीवर माझ्या आजीला बाजूला उभं केलं होतं, इथे मला केलंत."

आमच्यातल्या कुणाच्या मनात तसं नव्हतं, आणि तरीही त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आदरानंही माणूस पंक्तीबाहेर बसवता येतो. शाळेत मी चोखोबांच्या ज्या कथा सांगत आले, त्या सगळ्या कणवेच्या. देव त्यांच्याबरोबर मेलेली ढोरं ओढतो, नामदेव त्यांच्या अस्थी मंगळवेढ्याहून पंढरीला आणतात. डोळ्यात पाणी आणणाऱ्या कथा. पण थापटणं नामदेवांच्या डोक्यावर पडतं. जो आपला आहे त्यालाच कच्चा म्हणतात. ज्याची कीव करायची, त्याच्या मडक्याला कुणी थापटणं लावत नाही, आणि मग ते मडकं किती पक्कं होतं तेही कुणाला कळत नाही. चोखोबांचा अभंग शब्दाशब्दाला किती पक्का आहे हे बघायचं सोडून आपण किती काळ नुसते हळहळत राहिलो.

सरांनीच मग आम्हाला प्रवारणेबद्दल सांगितलं. भिक्षूंचा पावसाळ्यातला मुक्काम, म्हणजे वर्षावास, संपतो त्या दिवशी भिक्षुसंघ एकत्र बसतो आणि प्रत्येक भिक्षू इतरांना विनंती करतो, की माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तरी मायेनं सांगा. सगळ्यात थोरल्यापासून सगळ्यात धाकट्यापर्यंत प्रत्येकानं ही विनंती करायची. खुद्द बुद्धांनीही एका प्रवारणेला भिक्षूंना विचारलं, की माझ्या वागण्यात, बोलण्यात काही खटकलं का? आपली कोजागिरी तीच ही महाप्रवारणा पौर्णिमा. इतकी वर्षं त्या रात्री मसाला दूध पीत आम्ही कविता वाचत होतो आणि शेजारच्या वाडीत त्याच चंद्राला दुसरं नाव आहे, हे आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

प्रवारणेत मला जे दिसतं ते डबलबारीत नाही, संपादकाच्या पत्रात नाही, गुरूच्या पायाशीही नाही. तिथे टीका मागितली जाते. मागणारा आणि देणारा एकाच चटईवर बसतात आणि दोघांनाही आपापली पाळी येते. दोष सांगणं हे तिथे संघात असण्याचं लक्षण आहे, संघातून काढण्याची पायरी नाही. 'शंका आली तरी' ही सूट तर फारच धीराची. खात्री झाल्यावर सांगा, असं म्हटलं की माणसं आयुष्यभर गप्प बसतात. त्या मुलीला मी दिलेल्या उत्तरात हेच राहून गेलं होतं. कथा तुझी आहे का, याला जोडून आणखी एक विचारायचं असतं: तू आमच्यातली आहेस का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होय असेल तर पहिल्याची भीती पुष्कळ कमी होते.

त्या दिवशी आम्ही सरांची कविता पुन्हा वाचायला सांगितली. दुसऱ्या कडव्यातल्या तीन ओळी जायला हव्यात, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सरांनी त्या तिथेच खोडल्या. काकांनी विचारलं, आजी उभी आहे तोवर घागर कुठे आहे? कमरेवर की खाली ठेवलेली? रिकामी घागरही तासभर कमरेवर जड होते. सरांनी ते लिहून घेतलं. मला शेवटची ओळ नको वाटत होती. तिथे कवी आजीच्या वतीनं प्रश्न विचारतो, आणि घागर रिकामी आहे हे दिसल्यावर प्रश्नाची गरज उरत नाही, असं मी म्हटलं. सर म्हणाले, "बाई, तुमचं पटतंय. पण ती ओळ मी काढणार नाही. आजी आयुष्यात एकदाही बोलली नाही. कवितेत मी बोलणारच." मी पुन्हा समजावलं, त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. पुढच्या बैठकीत दादा माझ्या बाजूनं बोलले आणि ती मुलगी सरांच्या. ओळ अजून तिथेच आहे, आणि मला ती अजूनही नको वाटते.